भाकड दिवसांचा हिशेब

ती गाय मी उशिरा भरवली, आणि उशीर झालाय हे मला ठाऊक होतं.

१९९३चा जुलै. अकोले तालुक्यात राजूरच्या पलीकडे चौदा किलोमीटरवर एक वाडी. आदल्या सकाळी पोरगा निरोप घेऊन आला होता, गाय हंबरतेय, सोट टाकतेय. आमचा नियम साधा असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या संध्याकाळी पाऊस असा लागला की मी खोलीचं दार लावून घेतलं आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो तेव्हा माज ओसरून गेला होता. हात घातल्यावर कळलंच. पण म्हातारबाबा कालपासून ओट्यावर वाट बघत बसलेले. “आता उपयोग नाही, एकवीस दिवसांनी बोलवा,” एवढं म्हणायची लाज वाटली. नायट्रोजनच्या टाकीतून रेताची कांडी काढली, कोमट पाण्यात वितळवली आणि गाय भरवली. वहीत एक रेतन वाढलं. एकवीस दिवसांनी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली.

बाबा काही बोलले नाहीत. दूध पुढं ढकललं गेलं, एवढंच त्यांच्या लेखी झालं असणार. माझ्या लेखी तर तेवढंही नाही. महिन्याच्या बैठकीत किती रेतनं झाली ते विचारायचे. वासरं किती झाली हे विचारलं जायचं, पण ते वर्षअखेरीला, आणि जरा हळू आवाजात.

चौतीस वर्षं मी हे काम केलं. १९८९ला लागलो, २०२३ला सुटलो. गाव मला डॉक्टर म्हणायचं. खरे पदवीवाले डॉक्टर तालुक्याला. मी पशुधन पर्यवेक्षक. काम शिकायला सुरुवातीला उरुळीकांचनला जाऊन आलो होतो. गांधीजींच्या सांगण्यावरून तिथे येऊन राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठित रेताच्या कांड्या खेड्यापाड्यांत पोहोचवल्या. थोडंसंच दूध देणाऱ्या गावठी गायीच्या पोटी पाच-सहापट दूध देणारी कालवड जन्मते, हे आम्ही पोरंसोरं जादूसारखं बघत होतो. देशात १९७०पासून दुधाचा महापूर योजना चालू होती, आणि त्या महापुराचे थेंब आपल्याच टाकीतून पडतायत असं वाटायचं. अभिमान होता. अजून आहे. पण त्या अभिमानाला लिटर हे एकच माप होतं.

दुसरं माप मला मिळालं २०१४च्या आसपास, एका प्रशिक्षणात. पशुआहार संतुलनाचा विषय होता. शिकवणाऱ्या बाईंनी मध्येच विचारलं, “तुमच्या भागात एक लिटर दुधामागे मिथेन किती?” मागच्या बाकावरून कुणीतरी गायीच्या मागच्या बाजूवरून विनोद केला. सगळे हसले, मीही. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तिकडून फारसं येत नाही. बहुतेक सगळं तोंडावाटे येतं, ढेकरेतून.”

इतकी वर्षं गायींच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला मी माणूस. पण माझा हात मागच्या बाजूने. पुढे, डाव्या कुशीत, जे चाललेलं असतं ते मी फक्त पोटफुगीच्या वेळीच मनावर घेतलं होतं. गायीच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव कडबा आंबवत असतात. त्यांच्यामुळेच आपल्याला न पचणारं काड गायीला पचतं आणि त्याचं दूध होतं. या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो, आणि त्यावर जगणारे दुसरे जीव त्याचं मिथेन करतात. रवंथ करत शांत बसलेल्या गायीच्या मानेतून मिनिटाला एखादा ढेकर वर सरकतो, त्यात हा वायू असतो. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेचा काही वाटा असा तोंडावाटे उडून जातो. चारा जितका निकस, काडीचा, तितका हा वाटा जास्त. म्हणजे शेतकऱ्याने विकत घेतलेल्या कडब्याचा एक भाग सरळ हवेत.

शंभर वर्षांच्या हिशेबाने किलोभर मिथेन साधारण अठ्ठावीस किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. बाईंनी एक ढोबळ सूत्र दिलं होतं, किलोभर सुक्या चाऱ्यामागे वीस ग्रॅम मिथेन धरा. रात्री मुक्कामाच्या खोलीत मी ते सूत्र १९९३च्या त्या गायीला लावून पाहिलं. भाकड गाय दिवसाला आठ किलो सुकं खाते असं धरलं. एकशे साठ ग्रॅम. एकवीस दिवसांचे तीन किलो तीनशे साठ. गुणिले अठ्ठावीस, चौऱ्याण्णव किलो. पेट्रोलमध्ये मोजलं तर चाळीस लिटर. (ती डोंगरातली डांगी गाय एवढं खात नाही म्हणा, आणि गायीचा मिथेन बारा-एक वर्षांत हवेतून विरतो, पेट्रोलचा धूर शतकानुशतकं राहतो, तेव्हा ही तुलना फार ताणू नये.) तरी आकडा डोक्यातून जाईना. चौदा किलोमीटर जायला माझ्या गाडीला पाव लिटरच्या वर पेट्रोल लागलं नसतं.

तोवर माझी बदली होऊन बरीच वर्षं झाली होती. १९९८ला मी डोंगरातून खाली, संगमनेरच्या बागायती पट्ट्यात आलो. इथली दुनिया वेगळी. पहाटे चारला गोठ्यांतले दिवे लागतात, साडेपाचला दूध संस्थेसमोर मोटारसायकलींची रांग, कॅनवर कॅन आपटल्याचा आवाज, मशीनमधून निघणारी चिठ्ठी. लिटर, फॅट, एसएनएफ, भाव. साडेतीन-साडेआठ लागलं तर चेहरा बरा, डिग्री घसरली तर दिवस खराब. दुधाबद्दल जे काही माणसाला माहीत असावं ते सगळं त्या वीतभर कागदावर असतं, अशी इथली समजूत. त्या चिठ्ठीत भाकड गाय दिसत नाही.

इथल्या एका गोठ्यावर माझं जाणं-येणं जास्त. त्यांना नाना म्हणू. नानांना विचारलं की म्हणायचे, “आपली गाय बारा-पंधराची आहे.” म्हणजे वेळेला नव्हे, दिवसाला बारा-पंधरा लिटर. खोटं नव्हतं. पण दावणीला गायी पाच होत्या. प्रशिक्षणाहून आलो त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पाचही गायींसमोर उभं राहून लिहून घेतलं. दोन दुधावर, बारा-बारा लिटरच्या. एक सातव्या महिन्यात आटवलेली, ती वाजवी विश्रांतीवर. एक सात महिने उलटत असलेली, दूध तुटलेलं. आणि एक कालवड, चौतीस महिन्यांची, अजून एकदाही माज न दाखवलेली. ती आतापर्यंत व्यायला हवी होती.

दुधावरच्या दोघी चौदा-चौदा किलो सुकं खाणाऱ्या, म्हणजे दोघींचे मिळून पाचशे साठ ग्रॅम. बाकी तिघींचे एकशे साठ, एकशे साठ, एकशे वीस. बेरीज बरोबर एक किलो. दूध चोवीस लिटर. दुधाळ गायींपुरतं पाहिलं तर लिटरमागे तेवीस ग्रॅम, गोठाभर पाहिलं तर बेचाळीस. शेणाचं, खताचं, पेंडीच्या वाहतुकीचं मी धरलंच नव्हतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१०मध्ये सगळं धरून जगाची सरासरी काढली, ती किलोभर दुधामागे सुमारे २.४ किलो कार्बन डायऑक्साइड इतकी भरली. श्रीमंत देशांत एक-दोन, आफ्रिकेच्या सहाराखालच्या भागात साडेसातच्या घरात. हा अहवाल वाचून आपल्याकडे कुणी रागावतं, कुणी मान डोलावतं. मला त्यात आमची दावण दिसली. श्रीमंत देशांतली गाय कमी ढेकर देते असं नाही, उलट जास्तच देते. पण तिच्या मागे अशा तीन-तीन गायी नुसत्या बसून नसतात.

आपला देश दुधात जगात पहिला. २०२३-२४ साली २३ कोटी ९३ लाख टन. त्याच देशात २०१९च्या पशुगणनेत गोवंश १९ कोटी २५ लाख आणि म्हशी अकरा कोटींच्या जवळ. त्यात बैल आले, वासरं आली, म्हातारी जनावरं आली आणि नानांची ती कालवडही आली.

नानांना आकडे सांगितले. त्यांनी मिथेनचं ऐकून घेतलं, पाहुण्याचं बोलणं ऐकतात तसं. मग विचारलं, “पेंडीचं किती जातं या तिघींत?” तो हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला आणि तो ऐकून मात्र ते उठून उभे राहिले. तेव्हापासून मी शेतकऱ्याशी हवेबद्दल बोलत नाही. पेंडीबद्दल बोलतो. हिशेब एकच आहे.

त्या कालवडीचं काय चुकलं होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आमच्याकडे चांगला चारा दूध देणारीच्या पुढे आणि उरलेलं कालवडीच्या. गव्हाणीतून काढलेली देठं, उसाचे वाढे, कधी नुसता कडबा. जंतनाशक नाही, खनिज मिश्रण नाही. लेकरासारखं वाढवण्याच्या वयात तिला मोलकरणीसारखं वाढवायचं आणि मग माज दाखवत नाही म्हणून डॉक्टरला बोलवायचं. खनिज मिश्रण चालू केलं, मूठभर गोळी पेंड लावली, मक्याचा मुरघास तिच्याही पुढे टाकला. चार महिन्यांत ती माजावर आली.

उलटणारीचं कारण वेगळं निघालं. तिचा माज मुका होता. ना हंबरणं, ना दुसरीवर उडणं. रात्री दोन-चार तास जरा अस्वस्थ, थोडा सोट, संपलं. नाना रात्री शेतात पाणी द्यायला, कारण लाइट रात्रीची. माज कुणाच्या लक्षात यायचा? वहिनींच्या. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. पंधरा वर्षं त्या गोठ्यात जात होतो, वहिनी चहा आणून ठेवायच्या आणि मी नानांना विचारायचो, “कधी आली होती माजावर?” नाना अंदाजाने सांगायचे. एकदा वहिनी आतून म्हणाल्या, “मंगळवारी नाही, रविवारी रात्री. मी शेण काढायला उठले तेव्हा शेपटीला चिकट होतं.” त्या दिवशी मी त्यांना गॅस एजन्सीची दिनदर्शिका गोठ्याच्या खांबाला टांगायला सांगितली. माज दिसला की लाल गोल, तिथून एकवीस दिवसांवर दुसरा. माझ्या नोकरीतलं सर्वांत गुणकारी औषध ते, आणि ते मी फुकटात मिळालेल्या कागदावर दिलं.

इथे थोडं डोंगराबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर हा हिशेब डांगीवर अन्याय करील.

राजूरला असताना आम्हाला संकरित कांड्या घालायचं लक्ष्य असायचं. डांगी गाय म्हणजे पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके, तेलकट अंग, काळे कठीण खूर. धो-धो पावसात ती दिवसभर डोंगरावर चरते आणि पाणी तिच्या अंगावरून निथळून जातं. दूध दोन लिटर, तेही वासराचं झाल्यावर. लिटरमागचं मिथेन काढलं तर डांगी सर्वांत वाईट विद्यार्थी ठरेल. मी तिच्या पोटी जर्सी जन्माला घातली. त्यातल्या कित्येक कालवडी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच खंगल्या. खूर चिखलात सडायचे, गोचीड सोडत नसे. वाडीतल्या एका बाईने मला सुनावलं होतं, “साहेब, तुमची गाय घरात बसून खाते. आमची बाहेर जाऊन खाते.” वाक्य गमतीचं वाटलं म्हणून लक्षात राहिलं. त्यातलं पशुशास्त्र कळायला पंचवीस वर्षं गेली.

डांगीच्या पोटात जातं ते गवत माणूस खात नाही, त्याला कुणी पाणी देत नाही, खत घालत नाही. तिचा गोऱ्हा भातखाचरात चिखलणी करतो. तिच्या शेणाने खाचर पोसतं. हे सगळं दुधाच्या खात्यावर टाकून भागाकार केला तर उत्तर चुकणारच. पंगतीतल्या सगळ्यांच्या जेवणाचं बिल एकाच्या नावावर फाडल्यासारखं. नानांच्या होल्स्टीनचं उलटं आहे. ती खाते लसूणघास, मका, नेपियर. मे महिन्यात प्रवरेच्या काठापासून दोन कोस आत गेलं की चारीकडे तांबूस माळ आणि मध्ये एकच हिरवा चौकोन दिसतो, तो लसूणघासाचा. खाली बोअर. गाय दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी पिते ते आपल्याला दिसतं. तिने खाल्लेल्या घासाने प्यायलेलं पाणी कितीतरी जास्त, ते दिसत नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात माझी ड्यूटी जिल्ह्याच्या दक्षिण भागात चारा छावणीवर लागली होती. रोजची हजेरी, कानातले बिल्ले तपासणं, आजारी जनावरं बघणं. छावणीत चारा म्हणून येत होता ऊस. ट्रकच्या ट्रक, बागायती भागातून. ज्या पिकाला सगळ्यांत जास्त पाणी, ते पीक पाणी नाही म्हणून आलेल्या जनावरांपुढे तुकडे करून टाकलेलं. उसाने पोट भरतं, पण दुधाला त्यात काही नाही. प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दुधं तुटली. छावणीतल्या गायींत भाकड जास्त होत्या, आणि माणसं त्यांना घेऊन उघड्यावर, पत्र्याच्या आडोशाला तीन-तीन महिने राहिली. त्यांना लिटरमागचं काही सांगायची माझी छाती नव्हती.

भाकड गायीबद्दल आमच्या खात्यात कुणी मोकळं बोलत नाही, गावात बोलतात. २०१५च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीवर ती आधीपासूनच होती. त्यानंतर गोऱ्ह्याला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर मी निवाडा देणार नाही. पण गोठ्यात काय झालं ते मी पाहिलंय. होल्स्टीनचा गोऱ्हा औताला चालत नाही, विकला जात नाही, पाजायला दूध परवडत नाही. काही गोऱ्हे “आपोआप” मेले. काही रात्री दुसऱ्या गावच्या शिवेवर सुटले. एक सकाळी माझ्याच दवाखान्याच्या दाराशी बांधलेला सापडला, गळ्यात नवी दोरी. लिंगवर्गीत रेताच्या कांड्या आल्या, दहात नऊ कालवडी होणाऱ्या, तेव्हा दूध वाढेल म्हणून लोकांनी त्यांचं स्वागत केलं. मी त्या दोरीसाठी केलं.

शेणाचं थोडक्यात. आपला उकिरडा सुका, उघडा, म्हणून त्यातून मिथेन कमी निघतो. परदेशी मोठ्या गोठ्यांत शेण-मूत पाण्याबरोबर तळ्यात साठवतात, तिथे हवा लागत नाही आणि वायू भरपूर सुटतो. तेव्हा उकिरड्याची लाज वाटायचं कारण नाही. गोबर गॅस त्याहून चांगला. नानांच्या दारात त्याची दोन घनमीटरची टाकी होती, पाच जनावरांच्या पन्नास किलो शेणावर घरचा स्वयंपाक होईल अशी. २०००च्या सुमारास बांधलेली, अनुदानातून. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यात पाला साठत गेला. मी एकदा तावातावाने विचारलं, एवढं चांगलं साधन बंद का ठेवलं? वहिनी म्हणाल्या, “शेण काढायचं मी, पाणी आणायचं मी, कालवायचं मी, आणि हिवाळ्यात गॅस कमी आला की बोलणी खायची मी. सिलिंडर यांना उचलावा लागतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने हरित धारा नावाचं टॅनिनयुक्त खाद्य-पूरक काढलंय, मिथेन सतरा ते वीस टक्क्यांनी कमी करणारं. मला त्याचं कौतुक आहे. पण त्याचंही घमेलं रोज कोण कालवणार, हे आधी विचारावं असं आता वाटतं.

नानांचा गोठा सुधारला. दोन वेतांतलं अंतर सतरा-अठरा महिन्यांवरून चौदावर आलं. मी माझ्या वहीत मोठ्या समाधानाने नोंद केली. मग मी निवृत्त झालो त्या वर्षी, २०२३ला, सरकारने गायीच्या दुधाला चौतीस रुपये दर ठरवला आणि काही महिन्यांतच बाजारात तो पंचवीस-सत्तावीसवर घसरला. नानांनी काय केलं? आणखी दोन गायी आणल्या. भाव कमी तर लिटर जास्त; हप्ता तर तेवढाच भरायचा होता. आता दावणीला सात, त्यातल्या पाच दुधावर, साठ लिटर. माझ्या सूत्राने लिटरमागे बेचाळीस ग्रॅमचे एकोणतीस झाले. आणि गोठ्यातून रोज एक किलो मिथेन निघत होता तो पावणेदोन किलोला टेकला. लसूणघास पाच गुंठ्यांवरून बारा गुंठे झाला.

हे मी नानांना सांगितलं. दोष म्हणून नाही, मलाच कोडं पडलं होतं म्हणून. ते म्हणाले, “डॉक्टर, तुम्हीच म्हणायचात ना, गोठा सुधारा?” म्हणायचो. चौतीस वर्षं म्हणत होतो. कमी गायींत तेवढंच दूध निघावं आणि उरलेल्या चाऱ्याला, पाण्याला सुटका मिळावी, हे माझ्या मनात होतं. कमी गायींत तेवढाच पैसा निघावा, याची सोय माझ्या टाकीत कधीच नव्हती. दुधाचा भाव ठरतो तिथे आम्हाला कुणी बोलावत नाही, आणि हवेचा हिशेब होतो तिथे नानांना.

गेल्या महिन्यात पहाटे फोन वाजला. सवयीने मी आधी टाकी कुठे आहे ते आठवायला लागलो. वहिनी होत्या. “डॉक्टर, झोपमोड केली. त्या मुक्या माजवालीला एकवीस झाले काल. रात्री तीनदा उठून बघितलं. उलटली नाही.”

मी म्हटलं, अजून अडीच महिन्यांनी नव्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, तोवर गाभण धरू नका.

“तपासू की,” त्या म्हणाल्या, “पण मी नऊ महिने नऊ दिवस मोजून ठेवलेत. पुढल्या वर्षीची दिनदर्शिका अजून आली नाही, म्हणून खांबावरच खडूने लिहिलंय. सिलिंडरवाला आला की मागून घेते.”